कातकऱ्याचें घर आणि घराखालची भुई

महोत्सवाची स्मरणिका म्हटली कीं तींत धर्मग्रामाचा इतिहास, उपकारकर्त्यांचीं नांवें आणि मंदिराच्या बांधकामाचा जमाखर्च हीं असावयाचींच. तीं ह्या पुस्तिकेंत अन्यत्र आहेत. आमच्याकडे संपादकमंडळानें आसपासच्या मुलखाचा इतिहास लिहिण्याचें काम सोपविलें. लिहावयास बसलों तेव्हां एकच विषय पुनःपुन्हां मनांत येऊं लागला, आणि तो नाणेघाटाचा किंवा माळशेजचा नव्हे. सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजीं धारातीर्थीं पडलेल्या भाई कोतवालांविषयींही पुष्कळांनीं लिहिलें आहे. परंतु टोकावड्याच्या ज्या सडकेवरून आपण नित्य जातों येतों, तिच्या कडेच्या उतारावर जीं पांचदहा खोपटें दिसतात, त्यांचा इतिहास आपल्या वाचनांत क्वचित् येतो. तोच आम्ही येथें यथामति देत आहों.

आरंभीं 'ज्युबिली' ह्या शब्दाविषयीं थोडें लिहिणें अप्रस्तुत होणार नाहीं. रोम शहरीं पोप आठवे बोनिफेस ह्यांनीं १३०० सालीं पहिलें ज्युबिली वर्ष पाळविलें, आणि तेव्हांपासून ह्या शब्दास आपल्यांत यात्रेचा व क्षमेचा अर्थ चिकटला. शब्द मात्र त्याहून फार जुना आहे. इब्री भाषेंतील मेंढ्याच्या शिंगाच्या नांवावरून तो आला. पन्नासाव्या वर्षीं तें शिंग फुंकावयाचें, आणि त्या वर्षीं विकली गेलेली भूमि मूळ कुळास परत मिळावयाची व दास झालेला माणूस आपल्या घरीं परत जावयाचा, अशी आज्ञा लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत आहे. त्याच अध्यायांत घरांविषयीं एक बारीक भेद केलेला आहे. तटबंदीच्या नगरांतील घर विकलें तर तें वर्षभरांत सोडवून घ्यावें, न घेतल्यास तें कायमचें गेलें. परंतु ज्या खेड्यांस तट नाहीं तेथलें घर शेताबरोबरचेंच समजावें, आणि ज्युबिलीस तें परत व्हावें. म्हणजे खेड्यांतल्या माणसाचें घर आणि त्याखालची जमीन हीं एकमेकांपासून तोडतां येत नाहींत, असें त्या नियमाचें म्हणणें. सेमिनरींत हा अध्याय आम्हीं परीक्षेपुरता वाचला होता. त्याचा अर्थ कळला तो पुढें कातकऱ्यांच्या वाडींत.

कातकरी हें नांव कातावरून पडलें. खैराचें झाड तोडावयाचें, साल व वरचें फिकट लांकूड काढून टाकावयाचें, आंतला तांबडा गाभा छिलक्यांत तासावयाचा, ते छिलके मडक्यांत पाण्याबरोबर उकळीत ठेवावयाचे, पाणी आटवून घट्ट करावयाचें, आणि थिजल्यावर त्याच्या वड्या पाडावयाच्या. विड्यांतला कात असा होत असे. एका ठिकाणचा खैर संपला कीं मडकीं उचलून पुढल्या रानांत जावयाचें. त्यामुळें कातकऱ्याचा मुक्काम हलता असे. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्याला शेणमातीचा गिलावा, वर गवताचें किंवा पळसाच्या पानांचें छप्पर, एवढ्या साहित्यावर दोनचार दिवसांत घर उभें राही, आणि तें सोडून जातांना कोणास हळहळ वाटत नसे. डॉ. जॉन विल्सन ह्या स्कॉटिश मिशनऱ्यानें वारली व कातोडी ह्या दोन रानांतल्या जमातींविषयीं १८४३ सालीं रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत निबंध लिहिला. विल्सनसाहेब आपल्या पंथाचे नव्हते. परंतु ह्या लोकांची हकीकत लिहून ठेवण्यासारखी आहे असें ज्या थोड्यांना त्या काळीं वाटलें त्यांत ते होते, हें आपण मोकळ्या मनानें मान्य करावें.

त्या वेळच्या कातकऱ्यास बेघर म्हणतां येणार नाहीं. घर हलतें होतें खरें, पण जेथें तो खोपट घाली तेथून त्यास उठविणारा सहसा कोणी नसे. बेघर तो पुढें झाला. आणि तोही एखाद्या पुरानें किंवा लढाईनें नव्हे, कागदाकागदानें झाला.

१८६५ च्या आरंभीं थळघाटांतून आगगाडी धांवूं लागली, आणि त्याच वर्षीं हिंदुस्थानचा पहिला जंगल कायदा झाला. रुळांखालीं घालावयास लांकूड हवें, इंजिनास सरपण हवें, तेव्हां रान मोलाचें झालें. आणि जें मोलाचें झालें त्यास मालक ठरला. १८७८ च्या दुसऱ्या कायद्यानें राखीव जंगलांची व्यवस्था पक्की झाली व खैरावरची कुऱ्हाड हा गुन्हा ठरला. दुसरीकडे जमिनीची पाहणी होऊन भातखाचरें खातेदारांच्या नांवें लागलीं. ठाणें जिल्ह्यांत भाताच्या रोपासाठीं राब भाजावा लागतो, व त्यास लागणारा पालापाचोळा आणि गवत ज्या माळांवरून येई ते वरकस माळही खाचरांबरोबर खातेदारांचे झाले. कातकरी ज्या माळावर राहत होता तो अशा रीतीनें कोणाचा तरी वरकस ठरला. त्यास तेथून कोणीं हांकललें नाहीं. उलट खातेदारास तो हवाच होता, कारण शेताला राखणदार आणि लावणीकापणीला मजूर घराशेजारीं मिळत होता. कातकऱ्याच्या दृष्टीनें कांहींच बदललें नव्हतें. तोच माळ, तेंच खोपट. कागदावर मात्र तो त्या दिवसापासून परक्याच्या जागेंत राहूं लागला.

सरकारदरबारीं ह्या लोकांच्या हालांची दखल घेतली गेली ती पुष्कळ उशिरां. १९३६ च्या एका हुकुमानें ठाणें जिल्ह्यांतील डहाणू व शहापूर हे तालुके आणि मोखाडा व उंबरगांव हे पेटे 'अंशतः वगळलेला प्रदेश' ठरले, म्हणजे तेथल्या आदिवासींच्या रक्षणासाठीं गव्हर्नरास विशेष अधिकार मिळाले. मुरबाड त्या यादींत नव्हतें. शहापूर आंत, मुरबाड बाहेर. दोहोंकडे तोच कातकरी, तोच ठाकर आणि तोच सावकार. (आजही शहापूर तालुका सबंध अनुसूचित क्षेत्रांत आहे आणि मुरबाडचीं गांवें कांहीं आंत, कांहीं बाहेर आहेत.) त्याच दशकाच्या अखेरीस डी. सिमिंग्टन ह्या मुलकी अधिकाऱ्याच्या अहवालानें लग्नगड्याची पद्धति उजेडांत आणली. लग्नासाठीं सावकाराकडून थोडे रुपये घ्यावयाचे, आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोनें त्याच्या घरीं राबावयाचें. ते बहुधा फिटत नसत. १९४० सालीं बाळ गंगाधर खेर ह्यांनीं आदिवासी सेवा मंडळ स्थापिलें. १९४५ सालीं टिटवाळ्यास किसान सभेची परिषद भरली, तिच्यामागून डहाणू-तलासरीकडे वारल्यांचा उठाव झाला, आणि वेठीचा कणा मोडला. गोदावरी परुळेकर ह्यांचें नांव त्या मुलखांत आजही म्हातारीं माणसें आदरानें घेतात.

१९४८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन कायद्यांत घराविषयीं जीं दोन कलमें आलीं, तीं आमच्या मतें ह्या सबंध इतिहासांत फार मोलाचीं आहेत. कुळानें मालकाच्या जागेवर स्वतःच्या खर्चानें घर बांधलें असेल तर त्यास तेथून काढतां येणार नाहीं, असें सोळावें कलम सांगतें. आणि मालक ती जागा विकूं लागला तर ती घेण्याचा पहिला हक्क त्या घरांत राहणाऱ्याचा, असें सतरावें. हें संरक्षण शेतमजुरांस व कारागिरांसही लागू केलेलें आहे. म्हणजे लेवीय पुस्तकांतला तो बारीक भेद मुंबई राज्याच्या कायद्यांतही, नकळत कां होईना, आला होता. कलम होतें, तें कातकऱ्यापर्यंत पोहोंचलें नाहीं. कुळाला खंडाची पावती असते, कातकऱ्यापाशीं ती नव्हती. मजूर म्हणावा तर तो ज्या मालकाकडे राबे तोच साक्षीदार. आणि वर्षाचे सहा महिने जो गांवांतच नसतो, तो त्या गांवचा रहिवासी हें कोणीं लिहून द्यावें?

हे सहा महिने तो कोठें असतो हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. रान बंद झाल्यावर कातकरी कोळशाच्या भट्टीवर गेला, आणि तिचे दिवस सरल्यावर विटांच्या भट्टीवर. पावसाळ्यांत घरांत दाणा नसतो. तेव्हां भट्टीचा मुकादम वाडींत येऊन उचल देतो. तीच त्या घरची खावटी, तेंच आजारपणाचें औषध, तोच लग्नाचा खर्च. दिवाळी झाली कीं टेंपो येतो, आणि मडकीं, गोधड्या, कोंबड्या, कुत्रें, तान्हें मूल, म्हातारी आई, सगळीं त्यांत बसून भिवंडीकडे, कल्याणकडे, वसईकडे जातात. वाडींत उरतात तीं एकदोन म्हातारीं माणसें. भट्टीवर राहावयास भोंगा असतो. कच्च्या विटा चुन्यामातीवांचून एकावर एक रचून केलेल्या कमरेइतक्या भिंती, वर गवत किंवा प्लॅस्टिकचा कागद, आंत शिरावयाचें तें वांकून. पहाटे, पुष्कळदां मध्यरात्रींच, चिखल तुडवावयास सुरुवात होते. पुरुष सांच्यांत विटा पाडतो, बाई चिखल आणून देते, मुलें वाळत्या विटा उलटतात. मजुरी हजारामागें. आठवड्यास खर्चीपुरते पैसे हातावर पडतात आणि हिशेब ज्येष्ठाच्या तोंडावर होतो. त्यांत उचल वजा जाऊन कांहीं उरलें तर उरलें, न उरलें तर पुढल्या वर्षाचा करार तेथेंच झाला. परत यावें तों वाडींतल्या कुडास वाळवी लागलेली असते. सभोंवतालचीं शहरें उभीं राहिलीं तीं बव्हंशीं अशा हातांनीं पाडलेल्या विटांवर. आणि त्या हातांच्या मालकाचीं घरें वर्षाला दोन, एक भट्टीवाल्याच्या जागेंत, एक खातेदाराच्या.

१९७६ च्या कायद्यानें वेठबिगारी रद्द झाली. ठाणें जिल्ह्यांत ती प्रत्यक्षांत मोडून काढण्याच्या कामांत विवेक पंडित व विद्युल्लता पंडित ह्या दांपत्याचें नांव अग्रभागीं आहे. त्यांची विधायक संसद ही संस्था १९७९ ची, आणि वसई तालुक्यांत निघालेली श्रमजीवी संघटना १९८२ ची. वेठबिगारांस सोडवितां सोडवितां त्यांना असा अनुभव आला कीं सुटलेल्या माणसास जावयास जागा नसते, कारण तो ज्याचा वेठबिगार त्याच्याच जमिनींत त्याचें खोपट असतें. १९८४ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही नीरजा चौधरी ह्यांच्या अर्जावर निकाल देतांना हेंच सांगितलें, कीं सुटका केली आणि पुनर्वसन केलें नाहीं तर माणूस पुन्हां त्याच दावणीला जाईल. पुढें नव्वदच्या दशकांत विधायक संसदेनें भट्ट्यांवरच मुलांसाठीं भोंगाशाळा चालविल्या. ज्यानें हें नांव दिलें त्याच्या रसिकतेचें आम्हांस कौतुक वाटतें.

येथें आमची स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. आम्ही ह्या भागांत नवीन असतांना वळवाच्या वादळांत एका वाडींतील चार खोपटांचीं छपरें उडालीं. आम्हीं दानपेटींतील शिलकेंतून सिमेंटचे पत्रे आणविले, तरुणांनीं एका रविवारीं मिसा झाल्यावर ते चढविले, छायाचित्र काढलें, आणि आम्ही समाधानानें परतलों. पुढल्या आठवड्यांत जागेचा मालक वाडींत आला. गवताचें छप्पर त्यास इतकीं वर्षें चाललें होतें, पत्र्याचें चालेना. "आज पत्रा घातलात, उद्यां विटा लावाल, परवां सात-बाऱ्यावर नांव मागाल," असें तो म्हणाला. त्याच्या बाजूनें पाहतां त्याचें म्हणणें चुकीचें नव्हतें. पक्कें छप्पर ही हक्काची पहिली पायरी, हें त्यास आमच्यापेक्षां चांगलें कळत होतें. चारही कुटुंबांनीं पत्रे उतरविले. त्यांतला एक म्हातारा ते आमच्या दारीं परत घेऊन आला. "फादर, पत्रे तुमचे, घर आमचं, पन भुई शेटची," तो म्हणाला. "पत्र्याचं काय करायचं? भुई लिवून देत असाल तर बघा." आम्हांस त्यास कांहींच उत्तर देतां आलें नाहीं. पत्रे अजून आमच्या कोठारावर आहेत.

सरकारी घरकुलांची गोष्टही फार दिवस आमच्या पत्र्यांसारखीच होती. इंदिरा आवास योजना १९८५-८६ पासूनची; २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजना आली, व घरामागें सपाटीवर १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागांत १ लाख ३० हजार रुपये ठरले. आदिवासींसाठीं राज्याची शबरी घरकुल योजनाही आहे. पैसे सारे भिंतींचे व छपराचे. जागा लाभार्थ्यानें दाखवावयाची. म्हणजे ज्यास जागा आहे त्यास घर मिळावयाचें, आणि ज्यास जागाच नाहीं त्याचें नांव यादींत वर्षानुवर्षें राहावयाचें. ही अडचण ओळखून राज्य सरकारनें जागाखरेदीसाठीं पंडित दीनदयाळ उपाध्याय ह्यांच्या नांवानें अर्थसाहाय्य देऊं केलें; प्रथम ५० हजार, आणि आतां १ लाख रुपयांपर्यंत, ५०० चौरस फुटांसाठीं. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, तेव्हां ही अर्ध्या गुंठ्याहूनही कमी जागा झाली. इतका लहान तुकडा विकण्यास १९४७ चा तुकडेबंदी कायदा आड येई. अलीकडे घरकुलापुरती त्यांत सूट मिळाली आहे. परंतु माळशेजच्या रस्त्याला लागून आतां गुंठ्याचे भाव काय आहेत हें ज्यांनीं चौकशी केली असेल त्यांस सांगावयास नको.

१५ नोव्हेंबर २०२३ रोजीं, बिरसा मुंडा ह्यांच्या जन्मदिनीं, केंद्र सरकारनें आदिम जमातींसाठीं 'जनमन' नांवाची मोहीम सुरू केली. महाराष्ट्रांत अशा जमाती तीन आहेत: कातकरी, कोलाम व माडिया गोंड. त्यांत घरामागें २ लाख रुपये मिळतात. कातकऱ्यांची संख्या २०११ च्या शिरगणतींत पावणेतीन लाखांच्या वर होती. तेव्हां मोहीम लहान नव्हे, आणि तिच्यामुळें आपल्या दोन्ही तालुक्यांत कांहीं वाड्यांवर प्रथमच पक्क्या भिंती उठूं लागल्या आहेत, हें सांगण्यास आम्हांस आनंद वाटतो. तरी तीही कागदांवांचून चालत नाहीं. कागदांतला सर्वांत चमत्कारिक म्हणजे जातीचा दाखला. अनुसूचित जमातीच्या माणसास तो मिळवावयाचा तर ६ सप्टेंबर १९५० पूर्वीं आपलें कुटुंब ह्या राज्यांत राहत होतें असा पुरावा द्यावा लागतो. ज्यांचें घर कोणत्याही वहींत लिहिलें गेलें नाहीं, ज्यांच्या आजोबास शाळा ठाऊक नव्हती, त्यांनीं १९५० पूर्वींचा कागद कोठून आणावा? अधिकारी समंजस असेल तर स्थळचौकशी करून दाखला देतो. सुदैवानें असे अधिकारी आम्हीं पाहिले आहेत.

मग भुई मिळते कशी? तिचे तीन प्रकार आहेत, आणि प्रत्येकाचा दरवाजा निराळा. खोपट वनखात्याच्या जमिनींत असेल तर २००६ चा वनहक्क कायदा उपयोगी पडतो. १३ डिसेंबर २००५ पूर्वींपासून जो आदिवासी त्या जमिनींत राहतो किंवा ती कसतो, त्यास राहण्याचा व कसण्याचा हक्क ग्रामसभेच्या मार्फत मागतां येतो, आणि पट्टा नवराबायको दोघांच्या नांवें निघतो. ही शेवटची गोष्ट आम्हांस फार आवडते. गुरचरणावर असेल तर प्रकरण कठीण. २०११ च्या एका निकालानें सर्वोच्च न्यायालयानें सार्वजनिक जमिनीवरचीं अतिक्रमणें काढावयास सांगितलीं, परंतु भूमिहीन मजूर व अनुसूचित जाति-जमाती ह्यांच्यासाठीं अपवादास जागा ठेवली. आणि खासगी जमिनीवर असेल, जशा पुष्कळ वाड्या आहेत, तर १९४८ च्या कायद्याचीं तीं कलमें आहेत. शिवाय १९६६ च्या जमीन महसूल संहितेचें १२२ वें कलम आहे, ज्यान्वयें कलेक्टर गांवठाणाची हद्द ठरवूं व वाढवूं शकतात. वाडी गांवठाणांत आली म्हणजे ती वसति म्हणून सरकारनें मान्य केली. कर्जत तालुक्यांत कशेळें येथें ॲकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स ही संस्था आहे. तेथील राजीव खेडकर व कॅनडाचे अभ्यासक डॅनियल बकल्स ह्यांनीं कातकरी तरुणांस बरोबर घेऊन रायगड व ठाणें जिल्ह्यांत वाडीवाडीनें हें काम केलें. घरें मोजावयाचीं, कोण किती पिढ्या राहतो तें लिहावयाचें, नकाशा काढावयाचा, ग्रामसभेचा ठराव घ्यावयाचा, आणि तलाठ्यापासून कलेक्टरापर्यंत अर्जाचा पिच्छा पुरवावयाचा. त्याचा वृत्तांत २०१३ सालीं इंग्रजींत ग्रंथरूपानें निघाला आहे. त्यांतून दिसतें तें हें, कीं अर्ज केल्यानें जागा मिळण्याआधींच एक गोष्ट घडते: मालकास कळतें कीं वाडीनें स्वतःस मोजलें आहे. कधीं त्यामुळें तो नरमतो, कधीं अधिक चिडतो.

मोजण्याचा हा उपाय शहरांतल्या बेघरांनींही केला होता. भायखळ्याच्या पदपथांवर राहणाऱ्या बायकांनीं 'महिला मिलन' ह्या नांवानें एकत्र येऊन, १९८४ सालीं स्थापन झालेल्या 'स्पार्क' संस्थेच्या व जोकिन अर्पुथम ह्यांच्या साहाय्यानें, दररोज रुपया दोन रुपये सांठविले, आपलीं झोपडीं स्वतः मोजलीं, आणि सरकारपुढें आंकडा ठेवला. पुढें त्यांतल्या कुटुंबांस मानखुर्दला घरें मिळालीं. त्या पदपथांवर कोंकणांतून व दुष्काळी जिल्ह्यांतून गेलेलीं माणसें होतीं. खेड्यांत भुई नसलेला माणूसच शहरांत पदपथावर येतो.

धरणांचा विषय निघाला नाहीं तर शहापूरकर आम्हांस क्षमा करणार नाहींत. तानसा १८९२ ची, पुढें वैतरणा व भातसा. मुंबईची तहान ह्या तालुक्यानें भागविली आणि त्यासाठीं आपलीं गांवें सोडलीं. ज्यांचा सात-बारा होता त्यांस मोबदला मिळाला, थोडा कां होईना. ज्यांचा नव्हता त्यांस मोबदल्याच्या यादींत जागाच नव्हती. आमच्या टोकावड्याजवळ काळू नदीवर धरणाचें काम सुरू झालें तेव्हां श्रमिक मुक्ति संघटना न्यायालयांत गेली, आणि २०१२ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें तें थांबविलें. इंदवी तुळपुळे ह्या संघटनेच्या कार्यकर्त्या कित्येक वर्षें मुरबाडांत राहून ह्या लोकांचे वनहक्काचे दावे लढवीत आल्या आहेत. धरण हवें कीं नको ह्यावर आपल्यांत मतभेद आहेत व असावेत. परंतु उठावयाचें झालें तर कोणाचें घर मोजलें जाईल आणि कोणाचें जाणार नाहीं, हा प्रश्न मतभेदाचा नव्हे.

आतां आपल्याविषयीं. १८३३ सालीं पॅरिस येथें फ्रेडरिक ओझानाम ह्या तरुणानें आपल्या मित्रांसह संत व्हिन्सेंट डी पॉल ह्यांच्या नांवानें जी सभा स्थापिली, तिचा नियम असा कीं मदत दाराशीं बोलावून द्यावयाची नाहीं, गरिबाच्या घरीं जाऊन द्यावयाची. आपल्या धर्मग्रामांतील मंडळी गेल्या कांहीं वर्षांपासून वाडींत जाते ती ह्या नियमानें, आणि कातकरी आपल्या धर्माचे नसल्यानें त्यांत कांहीं अडत नाहीं. पत्र्यांच्या प्रकरणानंतर आम्हीं वस्तु देणें कमी केलें. पावसाळ्यांत आमच्या व्हरांड्यांत दर बुधवारीं कागदांचा दिवस असतो: आधार, शिधापत्रिका, घरपट्टीचा उतारा, जन्माची नोंद. नोंदवहींत नांव असण्याचें मोल धर्मगुरूस नव्यानें शिकवावें लागत नाहीं. लग्न ठरलें कीं परगांवाहून बाप्तिस्म्याचा दाखला मागावयास आलेल्यांची धांवपळ आम्ही आयुष्यभर पाहत आलों आहों. कॉलेजांत शिकणाऱ्या आपल्या दोन मुलींनीं एका वाडीचा नकाशा काढला, एकोणीस घरांचा, आणि म्हाताऱ्यांस विचारून कोणाचा आजा कोठें राहत होता तें लिहून घेतलें.

आणखी एक गोष्ट लिहितांना आम्हांस संकोच वाटतो, पण महोत्सवाच्या वर्षीं ती न लिहिणें बरें नव्हे. ह्या रस्त्यालगत शहरांतील मंडळींनीं जागा घेतल्या आहेत, त्यांत आपल्या धर्मग्रामांतील व आपल्या नात्यागोत्यांतील माणसेंही आहेत. घेतांना सात-बारा पाहिला जातो. त्यावर वाडी दिसत नाहीं. मग कुंपण घालावयाच्या दिवशीं वाडी दिसते. अशा दोन कुटुंबांनीं आम्हांस येऊन विचारलें, कीं फादर, आतां आम्हीं काय करावें. आम्हीं त्यांस सतरावें कलम वाचून दाखविलें. एकानें खोपटांखालची सहा गुंठे जागा मोजून निराळी करून देण्याचें कबूल केलें आहे व तशी नोटरीपुढें लेखी संमति दिली आहे. दुसरें कुटुंब अद्याप विचार करीत आहे.

त्या सहा गुंठ्यांची मोजणी दोनदां ठरली व दोनदां फिसकटली. भूमापक आले ते पहिल्या वर्षीं मार्गशीर्षांत आणि दुसऱ्या वर्षीं माघांत. दोन्ही वेळां वाडी भट्टीवर गेलेली. एकोणिसांपैकीं अकरा खोपटांस दारें लावलेलीं, तीन पडलेलीं, आणि हजर असलेल्या एका म्हातारीस आपलें घर दाखवितां आलें, शेजाऱ्यांचीं कोणाच्या नांवें लिहावयाचीं तें सांगतां आलें नाहीं. 'वस्ती आढळून आली नाहीं' असा शेरा पडतां पडतां राहिला. यंदा आम्हीं श्रावणांतच अर्ज देऊन मोजणीची तारीख दिवाळीपूर्वींची मागितली आहे, आणि मुकादमासही गांठून विनंति केली आहे कीं मोजणी होईपर्यंत टेंपो आणूं नये. भूमापन कार्यालयानें आश्विनांतली तारीख दिली आहे. मुकादम म्हणाला, पाहूं.